चौकटीची मोल्डिंग आणि वाकडी भिंत: पुन्हा पुन्हा पडणाऱ्या फटीचं निवारण

तक्रार बहुतेक घरांत एकाच वळणाची असते. दाराच्या चौकटीभोवती मोल्डिंगची पट्टी मारली, पेंटरने फटीत लांबी (भेगा बुजवायचा लगदा) भरून रंग दिला, घर छान दिसलं. पावसाळा सरला, ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि दिवाळीच्या साफसफाईत लक्षात आलं की पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये बारीक काळी रेघ उघडली आहे. पुन्हा लांबी, पुन्हा रंग. पुढच्या दिवाळीला रेघ तिथेच हजर, शिवाय वरच्या कोपऱ्यातला ४५ चा, म्हणजे ४५ अंशांत कापलेला, जोडही सुटलेला. काही घरांत तर पहिल्या दिवसापासूनच पट्टीमागे नाणं सरकेल एवढी फट असते आणि ती भरायला किलोभर पुट्टी जाते.

सुतार म्हणतो प्लास्टर वाकडं आहे, गवंडी म्हणतो चौकटच ओळंब्यात (अगदी सरळ उभी) नव्हती, पेंटर म्हणतो माझ्या हातात आलं तेव्हाच असं होतं. तिघांचंही थोडंथोडं खरं असतं. घरमालकाच्या हाती मात्र फटच राहते.

या कामात मी एक नियम पाळतो आणि दुसऱ्यांनाही तोच सांगतो: पट्टी सरळ राहिली पाहिजे. जुळवून घ्यायचं ते भिंतीने किंवा पट्टीच्या पाठीने. खिळे ठोकून पट्टी भिंतीच्या पोटाप्रमाणे वाकवली की लाकूड कायम ताणात राहतं आणि पुढचे सगळे त्रास तिथून सुरू होतात.

चौकट आणि भिंत एका पातळीत का येत नाहीत

साधा हिशोब करा. अर्ध्या विटेची भिंत १०० ते ११५ मिमी. आतून एका बाजूला १२ मिमी प्लास्टर धरतात, विटेची ओबडधोबड बाजू असेल तिथे १५ मिमी. म्हणजे तयार भिंत १२७ ते १४२ मिमी झाली. चौकट येते ५ इंची, म्हणजे १२५ मिमी, आणि रंधा मारल्यावर त्याहून थोडी कमीच. चौकट आधी उभी राहते, प्लास्टर नंतर होतं. गवंडी एका बाजूला प्लास्टर चौकटीशी मिळवून घेतो आणि सगळी तफावत दुसऱ्या बाजूला निघते. बेडरूमच्या आतून पट्टी सुरेख बसली आणि पॅसेजकडून बसत नाही, असं वारंवार दिसतं ते यामुळेच.

दुसरं कारण हत्यारात आहे. मोकळ्या भिंतीवर गवंडी लांब ॲल्युमिनियमची पट्टी ओढून प्लास्टर लेव्हलला आणतो. चौकटीजवळ ती पट्टी अडते. तिथला शेवटचा वीतभर भाग थापीने आणि छोट्या रंध्याने हातानेच मिळवावा लागतो. मग चौकटीलगत प्लास्टर एक तर फुगलेलं राहतं, नाहीतर दाबून खाली गेलेलं.

तिसरं कारण लोक विसरतात: स्विचबोर्ड. आपल्याकडे तो दाराच्या अगदी शेजारी असतो. वायरिंगची झिरी प्लास्टरनंतर फोडली जाते आणि ती भरणारा माणूस भिंतीची पातळी बघत बसत नाही. बोर्डाच्या वर-खाली उभा फुगवटा राहतो. रंगाखाली तो डोळ्याला दिसत नाही, पण पट्टी टेकवली की लगेच कळतो.

पट्टी कापण्याआधी चौकट आणि भिंत वाचा

पहिली तपासणी हाताची. चौकट आणि प्लास्टर यांच्या सांध्यावर तळहात सपाट ठेवा आणि कुणाला तरी दार रोजच्यासारखं बंद करायला सांगा. हाताखाली धक्का जाणवला, किंवा सांध्यातून बारीक वाळू खाली पडली, तर चौकट सैल आहे. तिथेच थांबा. चौकट हलती ठेवून तुम्ही फटीत काहीही भरलंत तरी ते दार आपटण्याने तुटणारच.

दुसरी तपासणी मोजमापाची, आणि बहुतेक कामांत नेमकी हीच गाळली जाते. फूटभर लांबीची, धार सरळ असलेली ॲल्युमिनियमची पट्टी घ्या. तिचं एक टोक चौकटीच्या दर्शनी बाजूवर, दुसरं भिंतीवर, अशी आडवी धरा. खालून वर दर फुटाला एकदा. भिंत चौकटीपेक्षा पुढे असेल तर अधिक, चौकट पुढे असेल तर वजा, आणि किती मिमी ते तिथेच चौकटीवर पेन्सिलने लिहा. मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. सनमायकाचे १ मिमीचे तुकडे एकावर एक सरकवा, किती मावले ते मोजा.

पॅसेजमधल्या एका सात फुटी दाराच्या चौकटीच्या उजव्या उभ्या लाकडावरचे आकडे उदाहरणाला देतो. खालून वर: ०, ०, +१, +४, +५, +२, ०. एवढ्यावरून सगळी कथा कळते. तळ आणि डोकं चौकटीशी बरोबर, मध्ये चार-पाच फुटांवर पोट. स्विचबोर्ड नेमका त्याच उंचीवर. म्हणजे भिंत वाकडी नाही, झिरीचा भराव पुढे आला आहे. अशा जागी अख्खी पट्टी पॅकिंग देऊन पुढे आणणं म्हणजे दोन फुटांच्या दोषासाठी सात फुटांवर उपचार करणं. त्याच दाराचा डावा उभा वाचला तर −१, −१, −२, −२, −३, −३, −३. आकडे एकाच दिशेने वाढत जातात, म्हणजे इथे भिंतीला पोट नाही. चौकट किंवा भिंत यांपैकी एक ओळंब्यात नाही. ओळंबा सोडला की कोण ते कळतं. एकाच दाराच्या दोन बाजूंना दोन वेगळे उपाय लागतात ते असे.

यासोबत दोन छोट्या गोष्टी करून घ्या. रात्री दिवे घालवून टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपा मारा, सावल्यांवरून सगळे फुगवटे दिसतात. आणि पट्टी जिथे बसणार त्या रुंदीत बोटाच्या पेराने प्लास्टर वाजवा. बद्द, पोकळ आवाज आला तर प्लास्टर विटेपासून सुटलंय. ते काढून नव्याने भरल्याशिवाय त्यावर पट्टी बसवू नका.

चौकट हलत असेल तर

चौकटीच्या प्रत्येक उभ्याला साधारण ३ होल्डफास्ट असतात, लोखंडी पट्ट्या, ज्या भिंतीत काँक्रीटमध्ये पुरतात. भराव नीट झाला नसेल किंवा पाणी मारलं नसेल तर ते सुटतात. चौकट न काढता दुरुस्ती होते. दार बंद झाल्यावर झाकली जाईल अशा जागी, म्हणजे दार बसतं त्या खाचेत, वर, मध्ये आणि खाली भोकं पाडून लांब फास्टनर घाला. लांबी अशी धरा की चौकटीची जाडी, मागची फट आणि त्यापुढे विटेत किमान ५० मिमी. मागची फट मोकळी ठेवून फास्टनर आवळला तर चौकट भिंतीकडे खेचली जाऊन दार अडकायला लागतं. म्हणून आवळण्याआधी त्याच उंचीवर पाचर किंवा प्लायचा तुकडा मागे बसवून घ्या. हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर त्या ब्लॉकसाठीचेच फास्टनर मागा, विटेचे त्यात घट्ट धरत नाहीत.

आवळून झाल्यावर सांध्यातली सुटी वाळू ब्रशने काढा, पाणी शिंपडा, मसाला दाबून भरा आणि तो पुरता वाळू द्या. ओल्या प्लास्टरवर लाकडी पट्टी बसवायची घाई करू नका. नव्या प्लास्टरला पाणी मारण्याचे दिवस संपल्यावरही आतली ओल जायला महिनाभर सहज लागतो, कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात त्याहून जास्त.

भिंत पुढे असेल तर

दोन मिमीपर्यंतच्या तफावतीसाठी भिंतीला हात लावू नका. पट्टीच्या पाठीवरून, भिंतीवर टेकणाऱ्या बाजूने, तेवढ्याच लांबीत रंधा फिरवा. पट्टी १८ ते २० मिमी जाड असते, त्यातून २ मिमी पाठीमागून गेले तर समोरून कुणाच्याही लक्षात येत नाही. मात्र पट्टी १० मिमीची तयार मोल्डिंग असेल तर हे जमत नाही, कड पातळ दिसते.

सुताराच्या मापात एक सूत म्हणजे ३ मिमी. फुगवटा सूतभर किंवा त्याहून जास्त असेल तर भिंतच खाली घ्यायची. इथे आधी ठरवा की भिंत पुन्हा रंगवायची आहे की नाही.

रंगवायची असेल तर फुगवटा फक्त पट्टीखाली खरवडू नका. त्याच्या बाहेर वीतभर, दीड वीत जाऊन उतरता करा आणि वरून पुट्टीचे दोन पातळ हात द्या. वरच्या उदाहरणातला झिरीचा फुगवटा असाच काढायचा. त्या जागी प्लास्टरमागे वायरचा पाइप असतो आणि तो किती खोल पुरला आहे हे बाहेरून कळत नाही. मेन स्विच बंद करा, टेस्टरने बोर्ड तपासा आणि पटाशी-हातोडीने फोडण्याऐवजी जाड कानस किंवा जुन्या करवतीच्या पात्याने खरवडा. नीरू (चुन्याचा गुळगुळीत वरचा थर) आणि जिप्सम लगेच निघतात, सिमेंटला वेळ लागतो. ग्राइंडरने काम पाच मिनिटांत होतं, पण धूळ घरभर जाते आणि ती फुफ्फुसाला वाईट असते. मास्क आणि व्हॅक्यूम नसेल तर ग्राइंडर लावूच नका.

भिंत रंगवलेली आहे आणि तशीच ठेवायची आहे, तर पट्टी ओळंब्यात तात्पुरती धरा, बाहेरच्या कडेने कटरने रेघ मारा, दोन-तीनदा ओढून खोल करा. मग पट्टी बाजूला ठेवून रेघेच्या आतलं प्लास्टर चौकटीच्या पातळीपर्यंत उतरवा. पट्टी भिंतीत तेवढी आत बसते. त्या जागी तिची दिसणारी जाडी तीन-चार मिमी कमी भरते, पण कड स्वच्छ राहते. रेघ न मारता फोडायला गेलात तर रंगाचा पापुद्रा पट्टीच्या बाहेर उडतो, आणि तो डाग मिळवणं मूळ कामापेक्षा कठीण.

चौकट पुढे असेल तर

हा प्रकार जास्त फसवा. पट्टी चौकटीवर छान टेकते, आतली कड सुरेख दिसते, आणि बाहेरची कड भिंतीपासून अधांतरी राहते. इथेच लोक पट्टीच्या बाहेरच्या कडेला मोठा खिळा ठोकून ती भिंतीकडे दाबतात. प्लास्टरमध्ये खिळ्याला धरायला काही नसतं. आठवडाभर पट्टी दबून राहते, मग हळूहळू उठते आणि खिळ्याभोवती प्लास्टरचा टवका निघतो.

दोन-तीन मिमीसाठी सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे पट्टीच्या पाठीत खाच. चौकटीवर जेवढी रुंदी बसणार तेवढ्या भागातून पाठीमागून २ किंवा ३ मिमी लाकूड काढायचं, म्हणजे आतली कड चौकटीवर आणि बाहेरची कड भिंतीवर एकाच वेळी टेकते. राउटर असेल तर काम झटपट होतं, नसेल तर खाचेचा रंधा. चौकटीला अजून पॉलिश झालं नसेल तर पट्टीखाली झाकला जाणारा चौकटीचा भाग रंध्याने उतरवला तरी चालतं. दर्शनी कड मात्र सोडा.

तीन ते सहा मिमी तफावत असेल तर भिंत वर आणायची. आतल्या भिंतीला जिप्सम किंवा पीओपी, आणि चौकटीपासून हात-दीड हात लांबपर्यंत उतरतं. सिमेंटची वॉल पुट्टी या कामाला नाही. ती दोन हातांत मिळून दीड मिमीपर्यंत द्यायची असते. जाड थर दिला की आधी बारीक भेगा पडतात, मग पोपडे सुटतात. बाजारात फटीसाठी म्हणून जी पुट्टी मारली जाते तिचं नेमकं हेच होतं.

सहा मिमीच्या वर गेलं तर भिंत ओढत बसण्यात अर्थ नाही. त्या वेळी भिंतीच्या बाजूने प्लायची पट्टी पॅकिंग म्हणून द्या, पण ती मोल्डिंगच्या कडेशी मिळती ठेवू नका. ५-६ मिमी आत सरकवा. तिथे एक सरळ सावली पडते आणि ती मुद्दाम ठेवलेली खाच वाटते. मिळतं ठेवलं की सांधा दिसतो आणि तो कधीच पूर्ण बुजत नाही. पॅकिंगसाठी कागद, पुठ्ठा अजिबात नको. ओल धरतात आणि वाळवीला आमंत्रण देतात.

कोपऱ्यातलं दार

पॅसेजमध्ये दार आणि काटकोनातली भिंत यांच्यात दोन-अडीच इंचच जागा असते. पट्टीची बाहेरची कड थेट त्या आडव्या येणाऱ्या भिंतीला भिडते आणि ती भिंत कधीच सरळ नसते. पट्टी भिंतीच्या रेषेप्रमाणे छाटणं हा उपाय खऱ्या अर्थाने इथला आहे.

पट्टी पूर्ण रुंदीची ठेवा, चौकटीपासून सगळीकडे सारख्या अंतरावर, ओळंब्यात, दोन खिळ्यांवर तात्पुरती धरा. खिळे अर्धेच ठोका. मुलांच्या कंपासपेटीतला पेन्सिल लावायचा कंपास पुरतो. पट्टी शेवटी जितकी चौकटीकडून भिंतीकडे सरकायला हवी तेवढं अंतर त्यात घ्या आणि स्क्रू घट्ट करा. एक टोक भिंतीला, पेन्सिल पट्टीवर, आणि कंपास आडवाच ठेवून वरून खाली सावकाश ओढा. कंपास तिरका झाला की माप बदलतं, सगळी चूक तिथेच होते. गडद मोल्डिंगवर पेन्सिल दिसत नसेल तर आधी मास्किंग टेप लावून त्यावर रेघ मारा.

कापताना करवत पाठीकडे थोडी आत झुकवा, म्हणजे समोरची कडच भिंतीला भिडते आणि मागे मोकळीक राहते. मग कानस आणि पॉलिश पेपरने रेघेपर्यंत या. रेघ अर्धी दिसत असतानाच थांबा, लावून बघा, टॉर्च मागून मारा, उजेड येतो तिथे खूण करा. घाईचं काम नाही, पण सागवानाला पॉलिश करायचं असेल तर दुसरा रस्ताही नाही. पांढरं भरण पॉलिशच्या लाकडाशेजारी लपत नाही.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. छाटल्यावर पट्टीची रुंदी वर-खाली ४ मिमीहून जास्त बदलत असेल तर डोळ्याला ते लगेच जाणवतं, कारण शेजारी चौकटीची सरळ रेघ असते. मग आधी ती भिंतच थोडी मिळवून घ्या.

वरचे कोपरे का उघडतात

जो दोष सात फुटांत पसरलेला असतो तो वरच्या कोपऱ्यात एका जागी गोळा होतो. बाजारातून मोल्डिंग आणली, मशीनवर ४५ मारले, जोड उघडा राहिला, तर मशीन बिघडलंय असं समजून लोक ४४, ४६ मारत बसतात. कधी दोष कोनात असतो, पण बऱ्याचदा पट्टीच्या कलण्यात असतो.

चौकट पुढे असली की उभी आणि आडवी, दोन्ही पट्ट्या बाहेरच्या बाजूला मागे झुकतात. त्यांची पाठ आधी भिडते आणि समोर फट दिसते. अशा वेळी जोडाच्या मागच्या अर्ध्या भागातून पटाशीने लाकूड काढा, समोरची कड शाबूत ठेवून. फट मिटते. भिंत पुढे असली की उलट होतं. समोरची कड भिडते आणि पाठ उघडी राहते. हा जोड पहिल्या दिवशी अगदी घट्ट दिसतो, म्हणूनच जास्त घातक. फेव्हिकॉलला धरायला जेमतेम एक-दोन मिमीची कड मिळते, आणि पहिल्या कोरड्या मोसमात जोड सुटतो. त्यावर उपाय कापतानाच करायचा. भिंतीवर पट्टीच्या बाहेरच्या कडेखाली जेवढ्या मिमीची उंची आहे, तेवढेच सनमायकाचे तुकडे मशीनच्या पाटावर त्याच कडेखाली ठेवा आणि मग ४५ मारा. पट्टी भिंतीवर जशी कलून बसणार तशीच कलून कापली गेली की जोड पूर्ण जाडीत भिडतो.

कोनाचा दोष असेल तर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर गुण्यावर (काटकोन तपासायच्या हत्यारावर) विसंबून चालणार नाही. उभी पट्टी जागेवर धरून तिच्या दोन्ही कडांच्या रेघा भिंतीवर आणि चौकटीवर वरपर्यंत ओढा, मग आडवी धरून तिच्याही. आतल्या रेघा जिथे छेदतात आणि बाहेरच्या जिथे छेदतात ते दोन बिंदू जोडले की खरा काट मिळतो, अंश मोजायची गरज नाही.

आणि भिंत फारच खराब असेल, जुन्या चाळीत किंवा वाड्यात असते तशी, तर ४५ चा हट्ट सोडा. उभ्या पट्ट्यांच्या डोक्यावर सरळ आडवी पट्टी टेकवा, ती उभ्यांपेक्षा ३ ते ५ मिमी जाड आणि दोन्ही बाजूंना किंचित बाहेर निघालेली. दोन पट्ट्यांमधला पातळीतला फरक त्या पायरीत लपून जातो. जुन्या दारांची गणेशपट्टी बघा, तिच्या जड आडव्या घडणीपुढे भिंतीतला फरक नजरेत येत नाही. सपाट मोल्डिंगवर हे फार शोभून दिसतं, नक्षीच्या मोल्डिंगवर नाही. तोरणाचे हुकही याच वेळी लावून घ्या, नाहीतर दर सणाला कुणीतरी त्या पट्टीत नवा खिळा ठोकतं आणि पट्टी चिरते.

खाली स्कर्टिंग

स्कर्टिंगची टाइल प्लास्टरच्या १० ते १२ मिमी पुढे असते. मोल्डिंग त्याहून पातळ असेल तर स्कर्टिंग पट्टीच्या पुढे डोकावतं आणि कड बोटाला लागते. पट्टीच्या तळाशी स्कर्टिंगपेक्षा थोडा उंच आणि पट्टीपेक्षा पाच-सहा मिमी जाड असा ठोकळा द्या. स्कर्टिंग त्याला येऊन थांबतं, मोल्डिंग त्याच्यावर उभी राहते. ठोकळा बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचा किंवा सागाचा घ्या, एमडीएफचा (लाकडाच्या दाबलेल्या भुश्याच्या फळीचा) नको. लादी पुसताना रोज पाणी लागतं आणि एमडीएफ फुगतं. लादीपासून २ मिमी वर ठेवा.

बसवताना

पट्टी आणल्या दिवशी लावू नका. आठवडाभर त्याच खोलीत आडवी ठेवा. लावण्याआधी पाठीला प्रायमर किंवा सीलरचा एक हात द्या. समोर पॉलिश आणि पाठ उघडी राहिली की भिंतीची ओल पाठीतून शिरते, पाठ फुगते, पट्टी पन्हळीसारखी वळते आणि तुम्ही एवढ्या कष्टाने बुजवलेली कड उचलली जाते. हा एक हात वाचवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या फटीमागे ती फार मोठं कारण आहे.

चौकटीची आतली कड ५ मिमी उघडी सोडा, म्हणजे बिजागरी अडत नाही आणि चौकटीतला बारीक बाकही झाकला जातो. चौकटीच्या बाजूला बारीक डोक्याचे खिळे दर फुटाला, फेव्हिकॉलसह. भिंतीच्या बाजूला खिळे नकोत. भिंतीत गट्टी (स्क्रू धरणारी खुंटी) घालून तीन किंवा चार स्क्रू पुरेत, डोकी आत बसवून वर लाकडाचा छोटा तुकडा किंवा लांबी. स्क्रू पट्टी फक्त टेकवून धरायला आहे, खेचायला नाही. आवळताना पट्टी वाकताना दिसली तर मागे पॅकिंग कमी पडलंय.

आता उरलेली फट. वरचं सगळं केल्यावर ती १ मिमीच्या आत येते. तिथे पुट्टी, पीओपी, पांढरं सिमेंट काही भरू नका. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आटतं, प्लास्टर जागच्या जागी राहतं. त्या दोघांमध्ये कडक पदार्थ भरला की तो तडकतो. रंग बसणारं ॲक्रिलिक सीलंट भरा. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही आणि नंतर काढतानाही जीव जातो. नळीचं टोक अगदी बारीक कापा, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, एकदाच सलग ओढा, ओल्या बोटाने दाबा आणि सीलंट ओलं असतानाच टेप काढा. ॲक्रिलिक सुकताना आत बसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी बघून गरज असेल तिथे दुसरा बारीक हात द्या.

कामाचा क्रम असा ठेवा: भिंतीला पुट्टी आणि प्रायमर, मग पट्टी, मग सीलंट, मग रंगाचे शेवटचे हात. पट्टी शेवटच्या हातानंतर आली तर सीलंटची रेघ वेगळी चकाकते.

चुन्याच्या जुन्या भिंतींबद्दल एक सांगायलाच हवं. चुन्याचं प्लास्टर मऊ असतं आणि भिंत त्यातून श्वास घेते. तिथे सिमेंटचं ठिगळ मारलं तर कडेने पुन्हा भेग पडते आणि ओल अडून शेजारचा चुना सुटतो. चुना-वाळूनेच मिळवा, सुकायला वेळ द्या. चिऱ्याच्या भिंती असलेल्या कोकणातल्या, गोव्यातल्या घरांत तर प्लास्टर दगडाच्या खळग्यांप्रमाणे कुठे जाड, कुठे पातळ असतं. गट्टीसाठी भोक पाडताना ड्रिलचा ठोका बंद ठेवा आणि स्क्रूची लांबी प्लास्टर ओलांडून चिऱ्यात जाईल अशी घ्या.

बाथरूमच्या आतल्या बाजूला लाकडी किंवा एमडीएफची पट्टी लावूच नका. तिथे डब्ल्यूपीसीची (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाची) पट्टी, टाइलला चिकटवून, आणि तेवढ्या एका जागी ॲक्रिलिकऐवजी बुरशीरोधक सिलिकॉन.